रीवाइंड केलेली मोटर पुन्हा का जळते? वाया जाणारे वॅट शोधायची रीत

७.५ किलोवॅटची, म्हणजे १० एचपीची, तीन फेज मोटर जळते. रीवाइंड, म्हणजे जळालेलं तांबं काढून नवी वाइंडिंग, करून आणतात, बसवतात, चालू होते. पण पहिल्या दिवसापासून तिचं अंग जास्त तापतं, महिन्याचे युनिट वाढलेले दिसतात, उन्हाळा लागला की ओव्हरलोड रिले (जास्त करंट झाला की मोटर बंद करणारा) पडायला लागतो आणि वर्षाच्या आत पुन्हा तोच जळका वास. पिठाची गिरणी असो, प्लास्टिकचा ग्राइंडर असो की विहिरीवरचा मोनोब्लॉक, क्रम ठरलेला. दोष वायंडरवर जातो. कधी तो असतोही. पण बऱ्याचदा मोटर पहिल्यांदा जाळणारं कारण जागेवरच राहिलेलं असतं आणि तेच ती दुसऱ्यांदा जाळतं.

मोटर आत जेवढे वॅट घेते आणि शाफ्टवर जेवढे देते, त्यांतला सगळा फरक उष्णता होतो. म्हणून ‘मोटर का तापते’ आणि ‘युनिट का वाढले’ हा एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मोजून मिळतं. साहित्य फार नाही: टाँगटेस्टर (वायर न तोडता अँपिअर मोजणारा चिमटा), मल्टिमीटर, टॅकोमीटर (फेरे मोजणारा), ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा), १२ व्होल्टची बॅटरी आणि एक वही. चालू लाइनवरची मोजमापं जाणकार इलेक्ट्रिशियननेच घ्यावीत. जोडणीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावेत.

आधी एक गैरसमज बाजूला करू. अंगाला हात लाववत नाही एवढ्यावरून मोटर बिघडली असं ठरत नाही. क्लास एफ इन्सुलेशन १५५ अंशांसाठी धरलेलं असतं. पूर्ण लोडवर निरोगी मोटरीचंही बाहेरचं अंग ७०-८० अंशांवर जातं आणि हात ६० अंशांच्या आसपासच मागे येतो. महत्त्वाचं आहे ते आतल्या तांब्याचं तापमान. ते कायम १० अंशांनी जास्त राहिलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

चांगल्या मोटरीत वॅट कुठे जातात

तुलनेला निरोगी आकडे हवेत. ७.५ किलोवॅट, ४ पोल, ४१५ व्होल्ट, आयई२ या कार्यक्षमता-वर्गाची मोटर घेऊ. आयएस १२६१५ प्रमाणे तिची कार्यक्षमता ८८.७ टक्के. नेमप्लेटवर १४.४ अँपिअर आणि १४५० फेरे आहेत असं धरू. पूर्ण लोडवर ती ८४५५ वॅट घेते, ७५०० देते. ९५५ वॅट उष्णता होतात.

यातले सुमारे ३५८ वॅट स्टेटरच्या, म्हणजे न फिरणाऱ्या भागाच्या, तांब्यात जातात. हे काढायचं सूत्र स्टार आणि डेल्टा या वाइंडिंगच्या दोन्ही जोडण्यांना एकच: लाइन करंटचा वर्ग, गुणिले दोन टर्मिनलमधला रोध, गुणिले १.५. तापलेल्या अवस्थेत दोन टर्मिनलमध्ये १.१५ ओहम असेल तर १४.४ × १४.४ × १.१५ × १.५ म्हणजे ३५८.

रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, सुमारे २६० वॅट. रोटरला मिळालेल्या पॉवरचा जो हिस्सा स्लिपमध्ये, म्हणजे फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या मागे पडण्यात, जातो तो रोटरच्या बारमध्ये जळतो. क्षेत्राच्या १५०० ऐवजी १४५० फेरे म्हणजे ३.३ टक्के स्लिप. थोडक्यात, मोटर जेवढी मागे पडते तेवढा रोटर तापतो.

उरलेले ३३५ वॅट स्टॅम्पिंगच्या (एकावर एक रचलेल्या पातळ पत्र्यांच्या) लोखंडात, बेअरिंगमध्ये, पंख्यात आणि ज्याला स्ट्रे लॉस म्हणतात त्या भटक्या हानीत वाटले जातात. लोखंडातली हानी लोडवर जवळजवळ अवलंबून नसते. मोटर रिकामी फिरली तरी ती चालूच राहते आणि व्होल्टेजबरोबर वाढते. तांब्याची आणि रोटरची हानी लोडच्या वर्गाच्या प्रमाणात हलते. निदान या फरकावरच उभं आहे: रिकामी असतानाही तापते ती मोटर एका आजाराची, फक्त लोडवर तापते ती दुसऱ्या.

जळालेली वाइंडिंग फेकण्याआधी पाहा

वायंडरकडे मोटर उघडली की कॉइल कापण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. जळण्याचा नमुना कारण सांगतो.

डेल्टा मोटरीत एका फेजच्या कॉइल काळ्या आणि दोन फेज तांबूस, चांगल्या: लाइनचा एक फेज गेलेला असताना मोटर चालत राहिली. स्टार मोटरीत हेच उलटं दिसतं, दोन फेज जळतात आणि एक शाबूत राहतो. आपल्याकडे ३ एचपीपर्यंतच्या बहुतेक मोटरी स्टार आणि ५ एचपीपासून पुढच्या डेल्टा असतात. तरी नेमप्लेट पाहूनच ठरवा. सगळ्या कॉइल सारख्याच करपल्या असतील तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज, अडलेली हवा किंवा वारंवार स्टार्टिंग. एकाच जागी वितळलेलं तांबं, बाकी कॉइल नव्यासारख्या: टर्न-टू-टर्न शॉर्ट (वेढ्याला वेढा चिकटणं) किंवा स्लॉटच्या, म्हणजे तांबं बसतं त्या खाचेच्या, तोंडाशी कागद फाटून बॉडीला अर्थ. हा मात्र बहुधा वाइंडिंगच्या कामाचा दोष.

पहिल्या तीन नमुन्यांत नवी वाइंडिंग कितीही चांगली केली तरी ती त्याच वाटेने जाणार.

जागेवरची मोजमापं

पहिलं व्होल्टेज, आणि ते पॅनेलवर नाही, मोटरीच्या टर्मिनलवर, लोड चालू असताना. तिन्ही जोड्या मोजा. समजा ४१८, ४१० आणि ३९६ आले. सरासरी ४०८, सर्वात मोठा फरक १२, म्हणजे असमतोल २.९ टक्के. हा आकडा निरुपद्रवी वाटतो, पण तसा नाही. तापमानवाढीत पडणारी भर टक्क्यांत मोजली तर ती असमतोलाच्या वर्गाच्या साधारण दुप्पट असते: २.९ चा वर्ग ८.४, दुप्पट १७. जी वाइंडिंग भोवतालपेक्षा ७२ अंश वर असायची ती ८४ अंश वर जाईल, म्हणजे आयुष्य निम्म्यावर. असमतोल व्होल्टेजचा एक भाग रोटरच्या उलट दिशेने फिरणारं क्षेत्र तयार करतो. त्या क्षेत्रासाठी मोटर जवळजवळ दुप्पट वेगाने ‘घसरत’ असते, त्यामुळे थोड्या व्होल्टेजवर पुष्कळ करंट वाहतो. व्होल्टेजच्या असमतोलाच्या सहा ते दहा पट करंटचा असमतोल दिसतो तो त्यामुळेच. १ टक्क्याच्या आत असावा, ५ टक्क्यांवर मोटर चालवूच नये.

मग तिन्ही लाइनचे अँपिअर. एका लाइनला जास्त येत असेल तर दोष सप्लायचा की मोटरीचा? यासाठी एक साधी युक्ती आहे, ती फार कमी वापरली जाते. सप्लाय बंद करून तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा: पहिली दुसरीच्या जागी, दुसरी तिसरीच्या, तिसरी पहिलीच्या. दोनच वायरींची अदलाबदल केली तर मोटर उलटी फिरेल. तिन्ही सरकवल्या तर दिशा तीच राहते. पुन्हा मोजा. जास्तीचा करंट सप्लायच्या त्याच फेजवर राहिला तर दोष लाइनचा, ट्रान्सफॉर्मरचा किंवा फ्यूजचा. मोटरीच्या त्याच टोकाबरोबर सरकला तर दोष मोटरीचा. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर ही सरकवासरकव स्टार्टरच्या इनकमिंगला करा. तेव्हा दुसऱ्या निकालात मोटरीबरोबर स्टार्टरही संशयित ठरतो.

तिसरं, फेरे. नेमप्लेट १४५० म्हणते आणि टॅकोमीटर १४७० दाखवतो, तर ५० पैकी ३० फेऱ्यांची स्लिप, म्हणजे सुमारे ६० टक्के लोड. टॅकोमीटर १४३० दाखवत असेल तर मोटर ओव्हरलोडवर आहे किंवा व्होल्टेज पडलंय किंवा रोटरचे बार तुटलेत. फ्रीक्वेन्सी मात्र विसरू नका. ग्रिड ४९.९ हर्ट्झवर असेल तर चार पोलचा मूळ वेग १५०० नसून १४९७ असतो आणि ३० फेऱ्यांच्या मोजणीत ३ फेऱ्यांची चूक म्हणजे दहा टक्के. शिवाय नेमप्लेटवरच्या स्लिपलाच मोठी सूट असते, त्यामुळे हा अंदाज समजावा, बिल नव्हे.

खरे वॅट हवे असतील तर वीजमीटरच वापरा. मीटरवर प्रति युनिट किती इम्पल्स ते छापलेलं असतं. १६०० असेल तर बाकी सगळं बंद करून लाल दिव्याची लुकलुक एक मिनिट मोजा आणि ३७.५ ने गुणा. पूर्ण लोडवरची आपली मोटर मिनिटाला सुमारे २२५ लुकलुकी देईल. एवढ्या मोजता येत नाहीत, तेव्हा फोनवर व्हिडिओ घेऊन संथ चालवून मोजा. सीटीवरचं (करंट ट्रान्सफॉर्मरमधून जोडलेलं) मीटर असेल तर सीटीच्या पटीनेही गुणावं लागतं.

चौथं, रोध. साधा मल्टिमीटर १ ओहमच्या खाली भरवशाचा नाही. १२ व्होल्टची बॅटरी, तिच्या मालिकेत ६० वॅटचा गाडीचा हेडलाइट बल्ब आणि मोटरीची दोन टर्मिनल असं सर्किट करा. सुमारे ५ अँपिअर डीसी वाहतो. करंट एका मीटरने आणि थेट टर्मिनलच्या बोल्टवरचं व्होल्टेज दुसऱ्याने मोजा, भागाकार करा. मिनिटाच्या आत उरका. सर्किट तोडण्याआधी व्होल्टमीटरच्या पिना काढा, नाहीतर कॉइलचा झटका मीटरला बसतो. तिन्ही जोड्यांतला प्रत्येक रोध सरासरीपासून २ टक्क्यांच्या आत हवा.

याच रोधावरून आतलं तापमानही कळतं. थंड मोटर ३० अंशांवर ०.९० ओहम, आणि दोन-तीन तास लोडवर चालवून बंद केल्याबरोबर १.१५ ओहम. गुणोत्तर १.२७८. तांब्यासाठी थंड तापमानात २३४.५ मिळवायचे, गुणोत्तराने गुणायचं, २३४.५ वजा करायचे: २६४.५ × १.२७८ − २३४.५, म्हणजे १०३ अंश. हे क्लास एफसाठी आरामात चालतं. १४० आलं तर सरासरीच १४० आहे हे लक्षात घ्या. सर्वात तापलेली जागा त्याहून वर असते.

पाचवं, नो-लोड करंट आणि नो-लोड वॅट. बेल्ट किंवा कपलिंग सोडून रिकामी फिरवा. आपल्या मोटरीला साधारण ५ ते ६.५ अँपिअर आणि ३०० वॅटच्या आसपास, म्हणजे मीटरवर मिनिटाला ८ लुकलुकी. नो-लोडला पॉवर फॅक्टर इतका कमी असतो की स्वस्त क्लॅम्प वॉटमीटर काहीही दाखवतो. इथे मीटरच्या लुकलुकीवर जास्त विश्वास ठेवा.

रीवाइंडिंगमध्ये नेमकं काय बिघडतं

नीट केलेल्या रीवाइंडिंगने कार्यक्षमता जवळजवळ कायम राहते. बिघडते ती घाईने, आणि बिघाड बाहेरून दिसत नाही.

सर्वात मोठा गुन्हा जुनी वाइंडिंग काढताना घडतो. वार्निश कडक झालेलं असतं, कॉइल निघत नाहीत, म्हणून स्टेटरला गॅसची फ्लेम लावतात किंवा रॉकेल ओतून पेटवतात. तांबं निघतं, पण स्टॅम्पिंगच्या प्रत्येक पत्र्यावर जो पातळ विद्युतरोधक थर असतो तोही जळतो. पत्रे एकमेकांना चिकटले की लोखंडातच भोवरे-करंट फिरू लागतात. ही हानी मग कुठल्याच तांब्याने भरून निघत नाही. नियंत्रित भट्टीत स्टेटरचं तापमान ३७० अंशांच्या आत ठेवून वार्निश राख करायचं, ही योग्य पद्धत. छिन्नी-हातोड्याने स्लॉटचे दात वाकवणं, फाइलने स्लॉट घासणं, यांनीही पत्रे जोडले जातात.

स्टॅम्पिंग शाबूत आहे का हे रिंग टेस्टने कळतं आणि कोणताही वायंडर ती व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या व्हेरिअ‍ॅकवर करू शकतो. रिकाम्या स्टेटरच्या पोकळीतून वायरचे २० वेढे आत-बाहेर घ्या. लोखंडाचा छेद काढा: स्टॅम्पिंगची लांबी गुणिले ०.९५ गुणिले स्लॉटच्या तळापासून बाहेरच्या कडेपर्यंतची जाडी. लांबी १४० मिमी आणि जाडी २५ मिमी असेल तर छेद ३३२५ चौरस मिमी. १.३ टेस्ला फ्लक्ससाठी ५० हर्ट्झला प्रत्येक वेढ्यामागे ०.९६ व्होल्ट, म्हणजे २० वेढ्यांना १९ व्होल्ट द्या. अर्धा तास ठेवा आणि आतून थर्मामीटर फिरवा. एखादी जागा बाकीच्यांपेक्षा १० अंशांनी जास्त तापली तर तिथले पत्रे शॉर्ट आहेत. जाळण्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा वॅट मोजले तर २० टक्क्यांवर वाढ धोक्याची समजावी. अशा स्टेटरवर तांबं घालू नका.

दुसरी चूक वायरची. समजा मूळ वायर २० गेजची, ०.९१४ मिमी. दुकानात ती संपली किंवा जाड कागद घातल्यामुळे स्लॉटमध्ये मावेना, म्हणून २१ गेज, ०.८१३ मिमी, घातली. व्यासात दहावा हिस्सा कमी, पण छेदात पाचवा. रोध २६ टक्क्यांनी वाढतो आणि आपल्या ३५८ वॅटच्या जागी ४५० होतात. एवढ्याने मोटर लगेच जळत नाही, हीच अडचण: ती वर्षभर जास्त युनिट खाऊन मग जळते. गेज मावत नसेल तर दोन बारीक वायर समांतर घेऊन छेद तोच ठेवता येतो. वायंडरकडून जुन्या कॉइलचा एक तुकडा मागा, इनॅमल जाळून मायक्रोमीटरने मोजा, नव्या वायरशी ताडून पाहा.

तिसरी, टर्नची. कॉइल सहज बसावी म्हणून ५ टक्के टर्न कमी केले की त्याच व्होल्टेजला फ्लक्स ५ टक्क्यांनी वाढतो. लोखंड आधीच संपृक्ततेच्या काठावर असतं, त्यामुळे नो-लोड करंट त्याहून कितीतरी जास्त वाढतो. अशी मोटर दिवसा कशीबशी चालते आणि रात्री लाइन ४४० ला चढली की तापते. गंमत म्हणजे तिचा टॉर्क वाढलेला असतो, म्हणून मालकाला ती ‘आधीपेक्षा दमदार’ वाटते.

चौथी चूक वाइंडिंगची नाहीच. बेअरिंग झिजल्यामुळे रोटर स्टेटरला घासलेला असतो. तो गुळगुळीत करायला रोटर लेथवर चढवतात. या आकारात रोटर-स्टेटरमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते. त्यात प्रत्येक बाजूने पाव मिलिमीटर कापलं तर फट दीडपट झाली. आता तोच फ्लक्स पलीकडे न्यायला जास्त चुंबकन करंट लागतो, तो स्टेटरच्या तांब्यातून कायम वाहतो. वर लेथच्या टूलने रोटरचे पत्रे एकमेकांवर फासले जातात, ते वेगळंच. नो-लोड करंट ६ वरून ८-९ झाला, आणि वायर व टर्न दोन्ही बरोबर आहेत, तर रोटरकडे पाहा.

कॉइलची बाहेरची टोकं लांब ठेवणं हे पाचवं. चार पोलच्या मोटरीत जवळजवळ अर्धं तांबं स्लॉटच्या बाहेरच असतं; ती लांबी वाढली की रोध वाढलाच. आणि वार्निश: ब्रशने वरवर लावलेलं पुरत नाही. तापवून, बुडवून, निथळून भट्टीत भाजलेलं हवं. स्लॉटमध्ये हवेच्या पोकळ्या राहिल्या तर वॅट तेवढेच असूनही तांब्यातून लोखंडाकडे उष्णता जात नाही.

म्हणून मोटर ताब्यात घेताना चार आकडे वायंडरच्या बिलावरच लिहून घ्या: तिन्ही जोड्यांचे रोध आणि त्यावेळचं तापमान, ४१५ व्होल्टला तिन्ही लाइनचा नो-लोड करंट, नो-लोड वॅट, मेगर. मेगर किमान ५ मेगओहम. त्याहून कमी असेल तर आधी सुकवा. जो वायंडर हे द्यायला तयार होतो त्याचा दर थोडा जास्त असला तरी तोच परवडतो.

स्टार्टर

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले बहुधा डेल्टाच्या फेज वायरीत बसवलेला असतो. तिथून लाइन करंटच्या ५८ टक्केच वाहतो. १४.४ अँपिअरच्या मोटरीला रिले ८.३ ला लावायचा. नेमप्लेट वाचून १४ ला लावलेले रिले जागोजागी सापडतात. तो रिले मोटर जळेपर्यंत पडणार नाही. रिले लाइनमध्ये असेल तर १४.४ बरोबर, म्हणून आधी वायर कुठून कुठे जाते ते पाहा.

कॉन्टॅक्टरचा (स्टार्टरमधल्या लाइन जोडणाऱ्या स्विचचा) एखादा पोल खाल्लेला असेल तर त्यावर जास्त व्होल्टेज पडतं. लोड चालू असताना प्रत्येक पोलच्या वरच्या-खालच्या टर्मिनलमध्ये मिलिव्होल्ट मोजा. तीनपैकी एक वेगळा आला की कॉन्टॅक्ट बदला. १४ अँपिअरवर १ व्होल्ट पडलं तरी त्या एका ठिपक्यावर १४ वॅट, आणि मोटरीला फुकटचा असमतोल.

सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारा रिले, करंटवर चालणारा घ्या. फक्त व्होल्टेज बघणारा फसतो, कारण फिरती मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच जवळजवळ पूर्ण व्होल्टेज तयार करते.

सारखं बंद-चालू करणं हाही छुपा खर्च. प्रत्येक स्टार्टला रोटरमध्ये जवळजवळ तेवढी ऊर्जा जळते जेवढी फिरत्या भागांत साठते. जड फ्लायव्हील किंवा ब्लोअर असेल तर थंड मोटरीला लागोपाठ दोन आणि तापलेलीला एकच स्टार्ट, ही मर्यादा पाळा.

हवा, बेअरिंग, बेल्ट

पंख्याची जाळी पिठाने, सुताने किंवा रंगाने बंद झालेली असणं हे सर्वात स्वस्त कारण, आणि तेच शेवटी तपासलं जातं. पंख्याचं कव्हर काढून ठेवलं तर जास्त हवा लागते असं समजू नका. कव्हर नसेल तर हवा फिन्सवरून जातच नाही, बाजूला फेकली जाते. विदर्भातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ४५ अंश सहज असतात, तर मोटरीचा रेटिंग ४० अंशांवर दिलेला असतो. तिथे पूर्ण लोडच्या ९५ टक्क्यांपर्यंतच चालवा.

ग्रीस हाउसिंगच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच. गच्च भरलं की गोळ्या ते घुसळत बसतात आणि बेअरिंग तापतं. व्ही-बेल्टचा ताण असा: दोन पुलींमधलं अंतर १ मीटर असेल तर मधोमध दाबून सुमारे १६ मिमी दबला पाहिजे.

रोटरचा बार तुटला असेल तर लोडवर अँपिअरचा काटा सेकंदाला दोन-तीनदा डोलतो आणि आवाजही तसाच हेलकावतो. तपासायला दोन टर्मिनलना व्हेरिअ‍ॅकवरून ४० व्होल्ट द्या आणि शाफ्ट हाताने हळू फिरवा. करंट ५ टक्क्यांहून जास्त वरखाली झाला तर रोटर गेला. वाइंडिंग बदलून उपयोग नाही.

विहिरीवरचा पंप: हानी केबलमध्ये

शेतातल्या मोटरीला दोष देण्याआधी केबल मोजा. मीटरपेटीपासून विहीर ३०० मीटर आणि केबल ४ चौरस मिमी तांब्याची. तिचा रोध किलोमीटरला ४.६१ ओहम, म्हणजे इथे प्रत्येक तारेला १.३८. १४.४ अँपिअरवर तीन तारांत मिळून ८६० वॅट. पूर्ण मोटरीची हानी ९५५ आणि नुसत्या केबलची ८६०! वर टर्मिनलला २८ व्होल्ट कमी पोचतात ते वेगळंच. १० चौरस मिमी केबल टाकली तर हेच ३४० वॅट आणि ११ व्होल्ट होतात. अशा ठिकाणी महागडी कार्यक्षम मोटर घेण्यापेक्षा केबल बदलणं कधीही फायद्याचं.

तीन फेज सप्लाय ठरावीक तासच मिळतो, म्हणून ऑटो स्विचवर एका ट्रान्सफॉर्मरवरचे सगळे पंप एकाच क्षणी उठतात. त्या धक्क्यात व्होल्टेज इतकं पडतं की काही मोटरी वेग घेतच नाहीत, सहापट करंटवर घुटमळत राहतात. ऑटो स्विचला प्रत्येकाने वेगवेगळा उशीर लावावा. व्होल्टेज १० टक्के कमी असेल आणि पंप पूर्ण लोडवर असेल तर करंट साधारण ११ टक्क्यांनी आणि स्लिप २३ टक्क्यांनी वाढते. रोटर आणि स्टेटर दोन्ही तापतात, लोखंडाची हानी थोडी कमी होते, पण ती बचत पुरत नाही. दोन फेजवर कॅपॅसिटर लावून तीन फेज मोटर चालवायची पद्धत तर वर सांगितलेल्या असमतोलाचंच टोक आहे. पाणी निघतं, पण मोटर रोज थोडी थोडी जळते.

कॅपॅसिटरने काय होतं, काय होत नाही

कॅपॅसिटर मोटरीच्या आतला एकही वॅट वाचवत नाही. मोटरीतून तोच करंट वाहतो. कमी होतो तो कॅपॅसिटरच्या मागचा, म्हणजे केबल आणि ट्रान्सफॉर्मरमधला. त्या ३०० मीटर केबलवर तो विहिरीपाशी लावला तर खरा फायदा आहे, मीटरपेटीत लावला तर केबलला काही नाही. थेट मोटरीच्या टर्मिनलवर लावताना नो-लोड केव्हीएआरच्या (चुंबकनासाठी लागणाऱ्या, काम न करणाऱ्या पॉवरच्या) ९० टक्क्यांपुढे जाऊ नका. ५.८ अँपिअर नो-लोड म्हणजे ४.२ केव्हीएआर, तेव्हा ३.७५ ही कमाल, बाजारात मिळणारा ३ चा घ्या. त्याहून मोठा असेल तर सप्लाय गेल्यावर फिरती मोटर स्वतःच जनरेटर होऊन वाढीव व्होल्टेज काढू शकते. प्लगमध्ये खोचायचे ‘पॉवर सेव्हर’ डबे याच कॅपॅसिटरचं खेळणं आहेत.

नवी घ्यायची तर

स्टॅम्पिंग जळालेलं, रोटर लेथवर कापलेला किंवा मोटर दोनदा रीवाइंड झालेली असेल तर या आकारात तिच्यावर पुन्हा तांबं घालू नये. ७.५ किलोवॅट चार पोलमध्ये आयई३ ची कार्यक्षमता ९०.४ टक्के. पूर्ण लोडवर आयई२ पेक्षा १५९ वॅट कमी, वर्षाला ६००० तास चालली तर सुमारे ९५० युनिट. आपल्या युनिटच्या दराने गुणून पाहा. बिघडलेल्या रीवाइंडशी तुलना केली तर फरक याहून मोठा निघतो. वर्षाला ५०० तास चालणाऱ्या मोटरीला मात्र हा हिशेब लागू पडत नाही.

दोन गोष्टी आधीच पाहून ठेवा. कार्यक्षम मोटरीचा स्टार्टिंग करंट जास्त असू शकतो, त्यामुळे जुना एमसीबी स्टार्टला उडू शकतो. दुसरी पंप आणि ब्लोअरवाल्यांना फसवणारी आहे. आयई३ ची स्लिप कमी, म्हणून ती १४५० ऐवजी १४६५ फिरेल. सेंट्रिफ्युगल पंपाला किंवा पंख्याला लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: १ टक्का वेग, ३ टक्के वॅट. मोटरीने वाचवलेले २ टक्के तिथेच गेले, आणि पाणी जास्त नको असेल तर बिल उलट वाढलं. बेल्टवरच्या ब्लोअरला मोटरीची पुली १ टक्का लहान करा. थेट कपलिंगच्या पंपाचा इम्पेलर लेथवर त्याच प्रमाणात कमी करून घ्या; २०० मिमीच्या इम्पेलरला व्यासात २ मिमी पुरतात.